शरीराचा पृष्ठभाग आणि वैद्याचा हात
(ग्रंथालयातील वाचकांपुढे दिलेले व्याख्यान)



वैद्यकावरील ग्रंथ मराठीत आणणाऱ्याला वैद्यक येत असलेच पाहिजे असे नाही. शब्दांपाशी थांबण्याची सवय मात्र त्याला असावी लागते. शरीररचनाशास्त्राच्या ज्या शाखेविषयी मी आज बोलणार आहे, तिच्या नावापाशीच असे थांबावे लागते. परिभाषेत तिला ‘पृष्ठीय शरीररचना’ असे म्हणता येईल. परंतु ‘पृष्ठ’ या शब्दाने मराठीत पाठ, वरचा थर आणि पुस्तकाचे पान असे तीन निरनिराळे पदार्थ सूचित होतात. येथे अर्थातच दुसरा अर्थ अभिप्रेत आहे. कातडीखाली कोणते हाड, कोणती धमनी, कोणता मज्जातंतू आणि कोणते इंद्रिय नेमके कोठे आहे, हे कातडी न फाडता, डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून आणि काही ठरीव खुणांपासूनचे अंतर मोजून सांगता येणे, हा या शाखेचा विषय होय. वैद्य नसलेल्या माणसानेही तो थोडासा समजून घ्यावा असे मला का वाटते, ते पुढील विवेचनावरून ध्यानात यावे.

आपणांपैकी प्रत्येकाला बसल्या जागी एक प्रयोग करून पाहता येईल. गळ्याच्या तळाशी, दोन हासळ्यांच्या मध्ये, एक खळगा असतो. त्यात बोट ठेवून ते छातीच्या मधल्या हाडावरून, म्हणजे उरोस्थीवरून, सावकाश खाली सरकवावे. सुमारे पाच सेंटिमीटर अंतरावर एक आडवा उंचवटा बोटाला लागतो. काहींना तो स्पष्ट लागेल, काहींना शोधावा लागेल. उरोस्थीचे दोन भाग जेथे किंचित कोन करून एकमेकांना जोडलेले असतात ती ही जागा. तिचे महत्त्व असे की, तिच्या दोन्ही अंगांना जी बरगडी येऊन मिळते ती दुसरी बरगडी होय. पहिली बरगडी हासळीच्या आड दडलेली असल्यामुळे ती बोटाला नीट सापडत नाही, आणि म्हणून बरगड्या मोजावयाच्या तर एकपासून आरंभ करताच येत नाही. आरंभ दोनपासून करावा लागतो. निसर्गाने लपविलेला हा पहिला आकडा ज्याला ठाऊक नाही त्याची पुढची सारी मोजणी एकाने चुकते.

ही मोजणी कशासाठी? निरोगी प्रौढ माणसाच्या हृदयाचे टोक डाव्या बाजूस, पाचव्या आणि सहाव्या बरगड्यांमधील फटीत, हासळीच्या मध्यातून खाली काढलेल्या कल्पित रेषेच्या किंचित आतल्या अंगाला, बोटाखाली ठोका देत असते. हा ठोका त्या रेषेच्या बाहेर, काखेच्या दिशेने आणि खाली सरकलेला आढळला तर हृदयाचा आकार वाढला असावा अशी शंका घ्यावी लागते. संधिवाती तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेली मुले आपल्या देशात आजही आढळतात. अशा मुलाची विजेवर चालणारी कोणतीही तपासणी होण्यापूर्वी, खेड्यातील दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला दोन बोटांनी एवढे कळू शकते. फुप्फुसाच्या आवरणात पाणी साचले तर ते हृदयाला विरुद्ध बाजूस ढकलते आणि ठोक्याची जागा बदलते. क्वचित एखाद्या माणसाचे हृदय जन्मतःच उजवीकडे असते. त्याचा ठोका डावीकडे सापडतच नाही. म्हणजे सामान्य जागा निश्चित माहीत असली तरच तिच्यापासून झालेला ढळ ओळखता येतो.

शरीराच्या वरच्या खुणांवरून आतले मर्म ओळखण्याचा विचार आपल्याकडे प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात एकशे सात मर्मे सांगितली आहेत: हातापायांत चव्वेचाळीस, धडात सव्वीस आणि जत्रूच्या, म्हणजे हासळीच्या, वर सदतीस. जखम झाल्यास काय परिणाम होईल यावरूनही त्यांचे वर्ग पाडले आहेत. त्यांतील ‘विशल्यघ्न’ हा वर्ग विलक्षण आहे. या तीन मर्मांत शल्य रुतलेले असेपर्यंत माणूस जगतो, ते उपसून काढले की मरतो, असे तेथे म्हटले आहे. अंगात घुसलेला सुरा किंवा सळई अपघातस्थळी उपसू नये, ती तशीच स्थिर बांधून रुग्णाला रुग्णालयात न्यावे, हा आजच्या प्रथमोपचाराचा नियम ज्यांना ठाऊक आहे त्यांना हा वर्ग वाचताना ओळखीचे काही भेटल्यासारखे वाटेल. भुवईचे टोक आणि कान यांच्या वरच्या भागातील ‘शंख’ हे मर्म तात्काळ प्राण घेणारे म्हणून गणले आहे. या प्रदेशात कवटीचे हाड पातळ असते आणि त्याच्या आतून मेंदूच्या आवरणाची एक धमनी जाते. कानशिलावरील आघाताने ती फुटली तर कवटीत रक्त साचून काही तासांत मृत्यू येऊ शकतो, हे आधुनिक शल्यविद्येला माहीत आहे. या साम्यावरून सुश्रुताला ती धमनी ठाऊक होती असे म्हणण्याचा मोह मात्र टाळलेला बरा. आघाताचे परिणाम पाहणाऱ्या चाणाक्ष डोळ्यांनी जागा हेरली होती, एवढेच म्हणणे प्रामाणिकपणाचे ठरेल, आणि तेही थोडे नव्हे.

मला त्या ग्रंथातील आणखी एक गोष्ट अधिक मोलाची वाटते. शरीराची मापे तेथे अंगुलांत दिली आहेत, आणि अंगुल वैद्याचे धरावयाचे नसून ज्याचे शरीर मोजावयाचे त्याचेच धरावयाचे आहे. उंच माणसाचे अंगुल मोठे, बुटक्याचे लहान. त्यामुळे प्रमाण जुळते. आजही डॉक्टर ‘यकृत दोन बोटे लागते’ असे लिहितात, पण ही दोन बोटे डॉक्टरांची असतात. चार डॉक्टरांच्या हातांत चार मापे असतात हे ध्यानात आल्यामुळेच हल्ली सेंटिमीटरमध्ये लिहावे असा आग्रह धरला जातो.

युरोपात या हस्तविद्येला मोठी चालना मिळाली ती एका खाणावळवाल्याच्या मुलाकडून. लेओपोल्ड आउएनब्रुगर याचा जन्म १७२२ साली ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे झाला. दारूच्या पिंपावर बोटांनी टिचकी मारून आवाजावरून आतील दारूची पातळी ओळखण्याची रीत खाणावळीत रूढ होती. व्हिएन्नाच्या रुग्णालयात काम करताना त्याने हीच रीत माणसाच्या छातीला लावली. हवेने भरलेले फुप्फुस पोकळ आवाज देते, पाणी साचलेली बाजू मुकी होते, हे त्याने १७६१ साली एका छोट्या लॅटिन पुस्तकात मांडले. पुस्तकाची फारशी कोणी दखल घेतली नाही. १७७० मध्ये त्याचे फ्रेंच भाषांतर झाले, त्याचाही परिणाम झाला नाही. पुढे नेपोलियनचा वैद्य झां निकोला कोर्व्हिसार याने ही पद्धत अनेक वर्षे स्वतःच्या रुग्णांवर वापरून पाहिली आणि १८०८ साली भरघोस टिपणांसह त्या पुस्तकाचे नवे भाषांतर प्रसिद्ध केले. त्यानंतरच ही पद्धत सर्वत्र पसरली. हा विषय आपलाच म्हणून मांडणे आपल्याला शक्य होते, असे कोर्व्हिसारने प्रस्तावनेत सूचित केले आहे. पण त्याने मूळ लेखकाचे नाव पुढे ठेवले. आउएनब्रुगर त्यानंतरच्या वर्षी, १८०९ मध्ये, वारला. भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्या माणसाने हा प्रसंग थोड्या अधिक अगत्याने सांगितला तर आपण त्याला क्षमा कराल असे वाटते.

कोर्व्हिसारचाच शिष्य रने लाएनेक याने १८१६ साली स्टेथॉस्कोपचा शोध लावला. एका स्थूल तरुणीच्या छातीला कान लावणे त्याला प्रशस्त वाटेना, तेव्हा त्याने कागदाची सुरळी करून तिचे एक टोक तिच्या छातीवर आणि दुसरे स्वतःच्या कानाशी धरले. या उपकरणाच्या जन्माचे कारण संकोच हे होते. आपल्या समाजाच्या दृष्टीने हा मुद्दा दुर्लक्षिण्याजोगा नाही. शरीराचा पृष्ठभाग वाचावयाचा तर तो उघडा असावा लागतो. गर्दीच्या दवाखान्यात, पडदा नसलेल्या खोलीत, पदरावरून वा सदऱ्यावरून केलेली तपासणी ही तपासणीचा केवळ आभास होय. स्त्री रुग्णांच्या बाबतीत हे फार घडते. एक पडदा आणि सोबत एखादी परिचारिका, एवढ्या साध्या सोयीवर कित्येकींचे निदान अवलंबून असते.

हातांनी केलेल्या तपासणीतून एकट्या रुग्णाचेच नव्हे तर एका संपूर्ण प्रदेशाचे आरोग्य कसे वाचता येते, याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशातील आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात पश्चिम यमुना कालव्याच्या काठच्या कर्नाल भागात तापाने इतका कहर केला की तेथील लष्करी छावणी सोडून द्यावी लागली. कालव्यांमुळे रोगराई वाढते काय, हे तपासण्यासाठी नेमलेल्या समितीत टी. ई. डेम्प्स्टर हा वैद्य होता. हिवतापाचा जंतू तेव्हा कोणालाही माहीत नव्हता. लाव्हराँने तो १८८० मध्ये पाहिला, आणि डासाच्या पोटात त्याची वाढ रोनाल्ड रॉसने १८९७ मध्ये सिकंदराबादेस दाखविली. डेम्प्स्टरजवळ होते ते त्याचे दोन हात. वारंवार ताप येणाऱ्या माणसाची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुगते एवढे ज्ञान त्याला होते. गावोगाव लोकांची पोटे चाचपून शेकडा किती जणांची पाणथरी वाढली आहे, हे त्याने मोजले. पाण्याचा निचरा न होणाऱ्या दलदलीच्या गावांत हे प्रमाण अधिक आणि कोरड्या गावांत कमी आढळले. समितीचा अहवाल १८४७ साली सादर झाला. मुलांमधील पाणथरीवाढीचे शेकडा प्रमाण काढून गावातील हिवतापाची तीव्रता ठरविण्याची ही पद्धत पुढे जगभर रूढ झाली.

आता यात पृष्ठीय शरीररचनेचा संबंध कोठे येतो ते पाहा. निरोगी माणसाची पाणथरी डाव्या बाजूस नवव्या ते अकराव्या बरगड्यांच्या आड, दहाव्या बरगडीच्या रोखाने आडवी असते. ती हाताला लागत नाही. दुप्पट-तिप्पट वाढल्यावर ती बरगड्यांखालून बाहेर येते, आणि येते ती सरळ खाली न येता बेंबीच्या बाजूने उजव्या जांघेच्या दिशेने येते. म्हणून तपासणाऱ्याने हात उजवीकडे खालून ठेवावयास आरंभ करावयाचा आणि रुग्णाच्या श्वासाबरोबर तो डाव्या बरगड्यांकडे नेत जावयाचा. ज्याने थेट बरगड्यांखालीच हात घातला त्याला फार मोठी झालेली पाणथरी सापडत नाही, कारण तिची कड त्याच्या हातामागे राहून गेलेली असते. बिहारातील काळ्या आजाराच्या रुग्णांत ती कधी कधी बेंबी ओलांडून जाते, तेव्हा ही रीत न जाणणारा हात तिच्यावरच ठेवला जातो आणि पोट नुसते घट्ट आहे असे समजतो.

दुखणे आणि दुखण्याची जागा यांचा संबंध याहून गुंतागुंतीचा आहे, आणि येथे भाषेचाही प्रश्न येतो. मराठी माणूस ‘काळजात कळ आली’ असे म्हणतो. कवितेत काळीज म्हणजे हृदय; खाटकाच्या दुकानात काळीज म्हणजे यकृत. पुष्कळदा तोंडाने काळीज म्हणताना हात मात्र बरगड्यांच्या कमानीखाली, पोटाच्या वरच्या टोकाशी, ठेवलेला असतो. ‘कुशीत दुखते’, ‘बरगडीत उसण भरली’, ‘बेंबीच्या देठात कळ येते’ हे शब्दप्रयोग शरीराच्या नकाशावर कोठे बसवावयाचे, हे कोश पाहून ठरत नाही. जाणता डॉक्टर म्हणून रुग्णाला सांगतो, ‘बोटाने दाखवा.’ रुग्ण एका बोटाने एकच बिंदू दाखवितो की सबंध तळवा फिरवितो, यातही अर्थ असतो. छातीवर मूठ किंवा तळवा ठेवून दाबल्यासारखे वाटते असे सांगणाऱ्याकडे अधिक गंभीरपणे पाहावे लागते. हृदयविकाराचा झटका पोटाच्या वरच्या भागात जळजळ म्हणून प्रकट होऊ शकतो, आणि ‘पित्त झाले’ म्हणून घरी बसलेल्या माणसाचे प्राण त्यापायी जातात.

आंत्रपुच्छाचा दाह, म्हणजे अपेंडिक्सचे दुखणे, हे या संबंधाचे अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. ते आरंभी बेंबीभोवती जाणवते. कारण असे की, त्या भागातील आतड्याच्या संवेदना आणि बेंबीभोवतीच्या कातडीच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच पातळीवर येऊन मिळतात, आणि मेंदू त्या दोहोंत भेद करू शकत नाही. काही तासांनी दाह पोटाच्या आतल्या अस्तराला भिडतो. तेव्हा दुखणे उजवीकडे खाली उतरते आणि एका जागी स्थिर होते. न्यूयॉर्कचा शल्यवैद्य चार्ल्स मॅकबर्नी याने १८८९ साली ही जागा निश्चित केली. कमरेच्या हाडाचे पुढचे टोक आणि बेंबी यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडापासून दीड ते दोन इंचांवर, एका बोटाच्या टोकाने दाबले असता सर्वांत अधिक दुखते, असे त्याचे निरीक्षण होते. पण आंत्रपुच्छाचे बूड साधारण एका जागी असले तरी त्याचे टोक कोठेही वळलेले असू शकते. ते आतड्यामागे दडले असेल तर पोटाऐवजी पाठीकडे दुखते, आणि गरोदर स्त्रीच्या वाढत्या गर्भाशयाने ते वर ढकललेले असते. मॅकबर्नीचा बिंदू घोकलेल्या पण त्यामागील कारण न समजलेल्या विद्यार्थ्याची येथे फसगत होते.

ही कला शिकावयाची कोठे, हाही एक प्रश्नच आहे. कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी १८३६ साली शवविच्छेदन केले, तेव्हा आधुनिक शरीरशास्त्राच्या शिक्षणाला आपल्याकडे मार्ग मोकळा झाला. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघाले. तेव्हापासून विद्यार्थी शवागारातच शरीर शिकत आले आहेत. ते आवश्यकच आहे. परंतु शव श्वास घेत नाही, उठून उभे राहत नाही, आणि औषधी द्रावणाने त्याचे मांस ताठरलेले असते. जिवंत माणसाचे यकृत आणि मूत्रपिंडे प्रत्येक श्वासासरशी खालीवर होतात, खोल श्वासात तर कित्येक सेंटिमीटर होतात. त्यामुळे विद्यार्थ्यांनी परस्परांच्या अंगावर रंगाने बरगड्या, फुप्फुसांच्या कडा, हृदयाच्या सीमा रेखाटाव्या आणि मग त्यांवरून हात फिरवून पडताळा पाहावा, ही शिकविण्याची रीत अनेक देशांत वापरली जाते. तिला खर्च जवळजवळ काहीच येत नाही.

येथे कोणी विचारील की क्ष-किरणे १८९५ साली आली, सीटी स्कॅनने पहिला रुग्ण १९७१ साली तपासला, आज सोनोग्राफीचे यंत्र खिशात मावते; मग बोटांनी बरगड्या कशासाठी मोजावयाच्या? हा आक्षेप पोकळ नाही. सोनोग्राफीखाली सुई पुढे जाताना प्रत्यक्ष दिसते आणि अपघात कमी होतात, हे सिद्ध झाले आहे. जेथे ती सोय आहे तेथे ती न वापरणे हा हट्ट ठरेल. पण यंत्र कोठे टेकवावयाचे हे हातालाच ठरवावे लागते. शिवाय यंत्रांनी हस्तविद्येला बाद केले नाही. त्यांनी तिच्या चुका दाखविल्या, हे अधिक महत्त्वाचे आहे. कमरेतून पाठीचे पाणी काढताना किंवा भूल देताना दोन्ही बाजूंच्या कमरेच्या हाडांच्या माथ्यांवर हात ठेवून मध्ये अंगठे जुळवितात; ही रेषा कमरेच्या चौथ्या मणक्याच्या आसपास जाते. प्रौढांत मज्जारज्जू बहुधा पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, म्हणून या रेषेशी किंवा तिच्या खाली सुई घालणे निर्धोक. २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भूलतज्ज्ञांनी चाचपून सांगितलेली मणक्यांमधील जागा एमआरआयने पडताळली, तेव्हा शंभरांतून केवळ एकोणतीस वेळा उत्तर बरोबर निघाले. बहुतेक वेळा खरी जागा त्यांना वाटली त्याहून वर होती, म्हणजे मज्जारज्जूच्या अधिक जवळ. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१२ च्या सुमारास जिवंत माणसांच्या सीटी स्कॅनवरून पाठ्यपुस्तकांतील अनेक पारंपरिक पातळ्या तपासल्या, आणि त्यांतील काही पिढ्यान्‌पिढ्या तशाच उतरवून घेतल्या गेल्याचे दिसून आले. छातीत हवा कोंडून प्राण कंठाशी आलेल्या माणसाची हवा सुईने बाहेर काढण्यासाठी दुसऱ्या आणि तिसऱ्या बरगड्यांमधील जागा सांगितली जात असे. अमेरिकेतील शल्यचिकित्सकांच्या संस्थेने चालविलेल्या अपघातोपचार-अभ्यासक्रमाच्या २०१८ सालच्या दहाव्या आवृत्तीत प्रौढांसाठी ती बदलून चौथी किंवा पाचवी फट, काखेच्या मध्यरेषेच्या किंचित पुढे, अशी करण्यात आली. पुढच्या बाजूला छातीची भिंत कित्येकांत इतकी जाड असते की सुई आत पोहोचतच नाही. जागा बदलली, पण ती शोधण्यासाठी बरगड्या मोजणे चुकले नाही. त्या फटीतही सुई खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागूनच घालावी लागते. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेच्या खोबणीतून शीर, धमनी आणि मज्जातंतू जात असतात.

शेवटी मी ज्या गोष्टीकडे वळणार आहे ती तुम्हा-आम्हा सर्वांच्या घरात घडणारी आहे. ताप आला की इंजेक्शन घेतल्यावाचून आपल्याकडे पुष्कळांचे समाधान होत नाही, आणि ते देणारा नेहमीच शिकलेला असतो असे नाही. नितंबाच्या मांसल भागातून शरीरातील सर्वांत जाड मज्जातंतू खाली पायात उतरतो. त्याचा मार्ग वरून असा सांगता येतो: बसताना ज्यावर भार येतो ते हाड आणि मांडीच्या वरच्या टोकाचा बाहेरून लागणारा उंचवटा, म्हणजे खुब्याची गाठ, यांच्या साधारण मधून तो खाली जातो. त्यात किंवा त्याच्या लगत औषध गेले तर तत्क्षणी पायात विजेसारखी कळ जाते, आणि नंतर पाऊल वर उचलता येईनासे होते. चालताना ते लोंबते, बोटे जमिनीला घासतात. हा अपघात बालकांत विशेष होतो, कारण त्यांचा हा भाग लहान असतो, मांस थोडे असते, आणि हातपाय झाडणाऱ्या मुलाला घट्ट धरून घाईने सुई टोचलेली असते. काहींचे पाऊल महिन्यांनी सुधारते. काहींचे जन्मभर तसेच राहते. मूळ आजार मात्र पुष्कळदा गोळीने बरा होण्याजोगा असतो.

‘नितंबाचे चार भाग करावे आणि वरच्या बाहेरच्या भागात टोचावे’ असा नियम पाठ्यपुस्तकांत असतो. तो बरोबर आहे, पण त्याची एक गोम आहे. चार भाग करावयाचे ते डोळ्यांना दिसणाऱ्या मांसल उंचवट्याचे नव्हेत. वरची सीमा कमरेच्या हाडाची कड ही धरावयाची, आणि ती बोटांनी चाचपूनच सापडते. खालची सीमा म्हणजे मांडीच्या वरची आडवी घडी. नुसत्या उंचवट्याचेच चार भाग केले तर आपण वरच्या बाहेरच्या भागात आहोत अशा समजुतीने सुई धोक्याच्या जागेपाशी उतरते. आपल्या घरगुती भाषेत सभ्यपणाने ‘कमरेत इंजेक्शन दिले’ असे म्हणतात. शब्द संकोचापोटी आला असला, तरी शरीररचनेच्या दृष्टीने तो ग्रंथांतल्या शब्दापेक्षा अचूक आहे. सुई खरोखर कमरेच्या हाडाजवळच जावयास हवी.

याहून सुरक्षित अशी एक जागा पुढच्या बाजूला आहे, आणि ती शोधण्याची रीत अशी: रुग्णाला कुशीवर निजवावे. त्याच्या डाव्या अंगासाठी आपला उजवा तळवा खुब्याच्या गाठीवर टेकवावा. तर्जनी कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर ठेवावी आणि मधले बोट त्या हाडाच्या कडेवरून मागे ताणावे. दोन बोटांमध्ये जो त्रिकोण तयार होतो त्यात जाड मज्जातंतू वा मोठी धमनी नसते. तान्ह्या मुलांसाठी मात्र मांडीच निवडावी. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात पंचगुणी लस डाव्या मांडीच्या मध्यभागी, पुढच्या-बाहेरच्या अंगाला देतात, ती याच कारणाने. खुब्याची गाठ आणि गुडघ्याची बाहेरची बाजू यांमधील अंतराचे तीन सारखे भाग कल्पावे आणि मधल्या भागात टोचावे. गावातील आरोग्यसेविका मातेच्या मांडीवरील बाळाचे पाऊल एका हाताने धरून दुसऱ्या हाताच्या बोटांनी हे अंतर मोजते, आणि मग सुई उचलते.